झाडावर नोटीस दिसली की आधी तारीख बघा

सकाळी दूध आणायला निघालात आणि कोपऱ्यावरच्या वडाला नाहीतर शेजारच्या प्लॉटमधल्या रेन ट्रीला एक कागद चिकटवलेला दिसला, तर तो क्लासची नाहीतर पेस्ट कंट्रोलची जाहिरात असेल असं समजून पुढे जाऊ नका. ती झाड तोडायची नोटीस असू शकते, आणि त्यावर हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात. थांबा, फोन काढा, फोटो घ्या. फोटोत नोटिशीवरची तारीख आणि नंबर वाचता आला पाहिजे, आणि दुसरा फोटो जरा लांबून, म्हणजे अख्खं झाड आणि मागची बिल्डिंग ओळखू येईल असा. हे दोन फोटो नसतील तर पुढची सगळी धावपळ लंगडी पडते, आणि हे मी अनुभवाने सांगतेय कारण आमच्या गल्लीतली चिंच आम्ही फक्त दिवस मोजायला चुकलो म्हणून घालवली.

झालं असं की शेजारच्या जुन्या बंगल्याचं रीडेव्हलपमेंट निघालं, चिंच त्यांच्या कंपाउंडला लागून होती, नोटीस मी स्वतः गुरुवारी पाहिली. पाहिली आणि काय केलं तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मग चार दिवस नुसते रडके इमोजी, कुणी म्हणालं पेपरवाल्यांना बोलवू, कुणी म्हणालं मोर्चा काढू, जोशीकाकू म्हणाल्या झाडाला राख्या बांधू या. हरकतीचा अर्ज लिहायला बसलो रविवारी रात्री आणि माझ्या डोक्यात पक्कं की हरकतीचे सात दिवस म्हणजे कामाचे सात दिवस, शनिवार-रविवार धरायचे नाहीत. अर्ज नेला तेव्हा खिडकीवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ताई मुदत परवाच संपली, हा आता साधा तक्रार अर्ज म्हणून घेतो. त्यांची काहीच चूक नव्हती. चिंच महिन्याभरात गेली.

तर आता मुद्द्यावर येऊ. आपल्याकडचा कायदा आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. नाव लांबलचक आहे पण गोष्ट सोपी आहे: शहरात झाड कुणाच्याही मालकीचं असो, बंगलेवाल्याचं, सोसायटीचं, सरकारी खात्याचं, वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे झाडांसाठी नेमलेल्या पालिकेच्या समितीची, परवानगी आधी घेतल्याशिवाय ते तोडता येत नाही. माझ्या जागेतलं माझं झाड, हे वाक्य इथे चालत नाही. आणि ‘तोडणं’ म्हणजे फक्त कुऱ्हाड किंवा कटर नव्हे, जाळणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही कायद्याने त्यातच धरलंय. म्हणजे बुंध्याभोवती गोल साल काढून ठेवणं किंवा मुळाशी ॲसिड ओतणं हे ‘आपोआप वाळलं हो’ म्हणून खपवता येत नाही.

माझा मावसभाऊ इंग्लंडात राहतो, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ताई तुमच्याकडे उलटं आहे. त्यांच्याकडे सगळ्या झाडांना आपोआप संरक्षण नसतं, कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, एखाद्या झाडासाठी मुद्दाम ‘ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर’ काढावी लागते. ती काढल्या दिवसापासून तात्पुरती लागू होते, लोकांना हरकत घ्यायला निदान २८ दिवस मिळतात, आणि सहा महिन्यांच्या आत कौन्सिलने ती कायम केली नाही तर ते तात्पुरतं संरक्षण संपतं. जुन्या जतन केलेल्या वस्त्यांमध्ये तर झाडमालकाने कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवायचं, तेवढ्यात कौन्सिलने ऑर्डर काढली नाही तर त्याला झाड तोडायची मोकळीक. म्हणजे तिथे घड्याळ लागतं संरक्षणाला आणि आपल्याकडे घड्याळ लागतं परवानगीला. पण काटा दोन्हीकडे फिरतोच, आणि झोपलेला माणूस दोन्हीकडे हरतो.

आपल्याकडच्या काट्याचं गणित असं. ज्याला झाड तोडायचंय त्याने लेखी अर्ज करायचा, त्यात झाडाचं वर्णन, जागेचा नकाशा, कारण. मग वृक्ष अधिकारी स्वतः येऊन झाड बघतात. आणि याच टप्प्यावर लोकांना कळवणं बंधनकारक आहे, दोन ठिकाणी: स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात आणि झाडावर सहज दिसेल अशा जागी नोटीस. दोन्ही पाहिजेत, एक करून भागत नाही. पुण्यातल्या नोटिशीत हरकती आणि सूचनांसाठी सहसा ७ दिवस लिहिलेले असतात. तुमच्या नोटिशीवर जो आकडा असेल तोच खरा, ग्रुपवर कुणीतरी सांगितलेला नाही.

हे सात दिवस कॅलेंडरचे धरा. शनिवार, रविवार, गणपती, दिवाळी सगळं त्यात. मोजताना पहिला दिवस सोडायचा असतो, म्हणजे सोमवारी नोटीस प्रसिद्ध झाली तर मंगळवार हा पहिला आणि पुढचा सोमवार सातवा, आणि शेवटच्या दिवशी ऑफिस बंद असेल तर त्यानंतर ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी दिलेला अर्ज चालतो, हा कायद्यात दिवस मोजायचा सर्वसाधारण नियम आहे. पण खरं सांगू का, हा नियम फक्त वाद झाला तर वापरायला डोक्यात ठेवा, त्याच्या भरवशावर बसू नका. खिडकीवरच्या माणसाशी कायद्याचा कीस काढण्यापेक्षा तिसऱ्या दिवशी अर्ज देऊन मोकळं व्हा. मी आता कालनिर्णयवर नोटिशीच्या तारखेभोवती लाल गोल करते आणि तिसऱ्या दिवसावर ‘अर्ज’ असं लिहिते. सासूबाईंना आधी वाटलं गॅसचा नंबर लावायचाय.

आणि कागदावर तारीख एक, पेपरात आली दुसऱ्या दिवशी, झाडावर चिकटली तिसऱ्या दिवशी, असंही होतं. तेव्हा सगळ्यात आधीची तारीख धरूनच अर्ज द्या आणि अर्जातच लिहा की झाडावर नोटीस अमुक तारखेला दिसली, सोबत फोटो. नोटीस कंपाउंडच्या आतल्या बाजूला लावलेली असेल, म्हणजे रस्त्यावरून दिसतच नसेल, तर तेही लिहा. सहज दिसेल अशा जागी लावा हे कायदाच म्हणतो, त्यामुळे हा मुद्दा बारीक वाटला तरी बारीक नाही.

हरकतीचा अर्ज कुठे द्यायचा? पुणे महापालिकेच्या हद्दीत उद्यान विभागाकडे. वृक्ष प्राधिकरणाचं काम तिथूनच चालतं, ते ऑफिस जंगली महाराज रोडवर संभाजी बागेत. नोटिशीवर पत्ता असतोच, तो बघून जा. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात, म्हणून एक प्रत आयुक्तांच्या नावे काढा. पिंपरी-चिंचवडचं वृक्ष प्राधिकरण वेगळं, कॅम्प आणि खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथे पुणे मनपाला अर्ज देऊन उपयोग नाही, आणि सात दिवसांतले दोन दिवस चुकीच्या खिडकीवर घालवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. ही पोच म्हणजे तुमचा सातबारा समजा. ‘ठेवून जा, बघतो’ असं म्हणाले तर हसून तिथेच उभं राहायचं, शिक्का मिळाल्याशिवाय हलायचं नाही. तोच अर्ज ईमेलनेही पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते, आणि स्वतः जाता येत नसेल तर स्पीड पोस्ट करून पावती जपा, पण पोस्टात जाणारे दिवसही त्या सातातच मोजले जातात हे विसरू नका.

आता अर्जात काय लिहायचं यावर थोडी सविस्तर बोलते कारण बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘झाडे आपले मित्र आहेत, झाडे ऑक्सिजन देतात’ हे चौथीच्या निबंधात ठीक आहे. अधिकाऱ्याला ते माहीत आहे. त्याला पाहिजे नोटिशीचा नंबर, सर्व्हे नंबर किंवा प्लॉट नंबर, झाडाची जात, आणि छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर. शिंप्याची टेप घ्या, दोघंजण जा, घेर मोजतानाचा फोटो काढा. नोटिशीत झाडाची जात चुकीची असते कधीकधी, पिंपळाला पिंपरण, सुबाभळीला शिरीष, आणि झाडांची संख्यासुद्धा जुळत नाही, म्हणून स्वतः मोजून घ्या.

मग कारण खोडून काढा. बांधकामाच्या आड येतंय म्हणतात ना, मग नकाशात झाड नक्की कुठे आहे ते बघा. पार्किंगच्या रॅम्पच्या कडेला असेल तर रॅम्प दोन मीटर सरकवता येतो का, कंपाउंड वॉल झाडाला वळसा घालून घेता येते का, हे अर्जात प्रश्न म्हणून विचारा. चिंचेच्या पुढच्या वर्षी आमच्याच मागच्या गल्लीत तीन झाडांची नोटीस लागली तेव्हा आम्ही फक्त एवढंच केलं, नकाशावर पेन्सिलने दाखवलं की भिंत इथून घेतली तर कडुनिंब राहतो. बाकीचे दोन गेले. कडुनिंब आहे अजून, आणि त्या बिल्डरने नंतर ब्रोशरमध्ये त्याचाच फोटो छापला, आता काय बोलणार.

धोकादायक आहे असं कारण असेल तर जरा जपून. झाड खरंच पोकळ असेल, पावसाळ्यात रिक्षावर पडायची भीती असेल, तर भावनेच्या भरात हरकत घेऊ नका, तिथे तुमची पत जाते. पण हिरवंगार, ताठ झाड कागदावर धोकादायक झालं असेल तर अर्जात स्थळ पाहणी मागा, आणि आम्ही रहिवासी हजर असताना करा असं लिहा. सुनावणी मागा. आणि निर्णय आम्हाला लेखी कळवा असंही लिहा, हे एक वाक्य लोक विसरतातच.

घरटी असतील तर फोटोसकट लिहा. कायद्याने संरक्षण दिलेल्या पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना इजा करायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली बंदी आहे. चिंचेवर, वडावर बगळ्यांची वसाहत असेल तर खाली गाड्या लावणारे वैतागलेले असतात पण अर्जात तीच वसाहत फार कामाची.

झाडाचं वय ही आणखी एक चावी. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज झाड ठरवलंय, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असा नियम आला. म्हणजे साठ वर्षांचं झाड म्हटलं की साठ रोपं. यामुळे कागदावर झाडं अचानक तरुण होऊ लागली तर नवल नाही, म्हणून वयाचा पुरावा आपण द्यायचा. पुण्यात याला एक मस्त उपाय आहे. सहकारनगर, गोखलेनगर अशा भागातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल हे झाड पानशेतच्या आधीचं की नंतरचं. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, पूरग्रस्तांच्या वसाहती त्यानंतर उभ्या राहिल्या. ‘आम्ही राहायला आलो तेव्हा यांनी लावलं’ असं आजी म्हणाली की झालं, तिच्याकडून साध्या कागदावर लिहून सही घ्या. सोबत जुने फोटो शोधा, मुंजीचे, लग्नाचे, कुणाच्या तरी पहिल्या स्कूटरचे, मागे झाड असतंच. गूगल अर्थवर जुनी सॅटेलाइट चित्रंही दिसतात पण ती आजीइतकी मागे जात नाहीत.

अर्ज दिला, पोच मिळाली. आता दुसरं घड्याळ. वृक्षतोडीचा अर्ज आल्यापासून ६० दिवसांत वृक्ष प्राधिकरणाने निर्णय द्यायचा असतो, परवानगी, अटींसकट परवानगी, किंवा नकार. हे साठ दिवस बिल्डरच्या अर्जापासून मोजायचे, तुमच्या हरकतीपासून नाही, म्हणजे तुम्हाला नोटीस दिसली तेव्हा त्यातले बरेच दिवस संपलेले असू शकतात. म्हणून बिल्डरच्या अर्जाची तारीख विचारून घ्या. ‘साठ दिवस झाले, उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा’ असं साइटवरचा सुपरवायझर सांगायला लागला तर त्याच्याकडे कागद मागा, आणि उद्यान विभागात त्याच दिवशी लेखी विचारा की निर्णय झालाय का. म्हणूनच पन्नासाव्या दिवशी एक आठवणपत्र देऊन ठेवावं, मागच्या पोचीची झेरॉक्स लावून.

इथे बरेच जण आरटीआय टाकतात आणि निवांत होतात. आरटीआय वाईट नाही, दहा रुपयांचा स्टॅम्प लावला की झालं, पण उत्तराला मुदत ३० दिवसांची असते आणि तुमची हरकत ७ दिवसांची, हे गणित कुठल्याच बाजूने बसत नाही. त्यापेक्षा फाइल बघायला जा. माहिती अधिकारात कागदांची पाहणी करणंही येतं. पुणे मनपात सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फाइली नागरिकांना बघायला देण्याची पद्धत पडली होती आणि पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने तीच पद्धत इतर कार्यालयांना लावली. ती अजून चालू आहे का हे जायच्या आधी फोन करून विचारा, वही-पेन न्या, फोनने फोटो काढू देतात का ते विचारा. फाइलमध्ये तीन गोष्टी शोधायच्या: अर्जाची तारीख, पाहणीचा रिपोर्ट आणि पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण.

तिसरं घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं. परवानगी दिली तरी त्यानंतर १५ दिवस झाड तोडता येत नाही. हे पंधरा दिवस तुमच्यासाठी आहेत, वकील गाठायला आणि कोर्टात जायला. फक्त हे पंधरा दिवस ऑर्डरच्या तारखेपासून धावायला लागतात आणि ऑर्डर झाली हे तुम्हाला कुणी घरी येऊन सांगत नाही. मुंबईत आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडताना २०१९ मध्ये नेमकं यावरच वाजलं. वृक्ष प्राधिकरणाची ऑर्डर १३ सप्टेंबरची, मेट्रोवाल्यांचं म्हणणं की पंधरा दिवस २८ सप्टेंबरला संपले, आंदोलकांचं म्हणणं की ऑर्डर वेबसाइटवर टाकल्यापासून मोजा. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री कटर सुरू झाले, सुप्रीम कोर्टाने ७ ऑक्टोबरला थांबवलं तोवर २,१४१ झाडं पडली होती. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, एवढ्यात. म्हणून हरकत दिल्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी फोन करून विचारायचं, ऑर्डर झाली का. त्यांना कंटाळा येतो, येऊ दे.

कोर्ट म्हणजे कुठलं, हाही घोळ होतो. हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं, खंडपीठ पुण्यातच आहे म्हणून लोक आधी तिकडे धावतात, पण लवाद ज्या कायद्यांखाली दाद देतो त्या यादीत हा १९७५ चा वृक्ष कायदा नाही, त्यामुळे नुसत्या या कायद्याच्या उल्लंघनासाठी रस्ता मुंबई हायकोर्टाचा. पंधरा दिवसांत पुण्याहून मुंबईला जाऊन याचिका उभी करायची तर वकिलाला पहिल्याच दिवशी कागद पाहिजेत: नोटिशीचा फोटो, तुमची पोच, ऑर्डरची प्रत, आणि एका पानावर तारखांचा तक्ता. वकील सगळ्यात आधी तो तक्ताच बघतात. वर्गणी, सह्यांची मोहीम हे सगळं त्याच्या नंतर.

आणि सकाळी सात वाजता कटरचा आवाज आलाच तर? खाली जा, एकटे जाऊ नका, झाडावर चढू नका, कामगारांशी भांडू नका, ते रोजावर आलेत. मुकादमाला शांतपणे म्हणा, दादा परवानगीचा कागद दाखवता का. कागदाचा फोटो घ्या. त्यावर तारीख बघा, पंधरा दिवस झालेत का, मग झाडांची संख्या आणि झाडांवर रंगवलेले नंबर जुळतायत का. परवानगी छाटणीची आणि काम बुंध्यावर चाललंय असं फार वेळा दिसतं, फांद्या छाटायलाही परवानगी लागते आणि छाटणीच्या नावाखाली मे महिन्यात झाडाचा नुसता खांब करून ठेवतात. काही जुळत नसेल किंवा कागदच नसेल तर ११२ ला फोन आणि उद्यान विभागाला फोन, दोन्ही. व्हिडिओ काढताना एकदा आजचा पेपर किंवा फोनवरची तारीख कॅमेऱ्यासमोर धरा.

झाड गेलंच तरी एक मुदत उरते. परवानगीत बदली झाडं लावायची अट असते आणि झाड तोडल्यापासून ३० दिवसांत ती लावायची असतात, मुदतवाढ मिळाली नसेल तर. २०२१ च्या दुरुस्तीच्या वेळी सहा ते आठ फूट उंचीची रोपं, जिओ-टॅगिंग (म्हणजे रोपाच्या जागेची नकाशावर नोंद) आणि सात वर्षं निगा असं ठरलं होतं. इथे मात्र आरटीआय छान चालतो, कारण आता घाई नाही: अमुक ऑर्डरमधली रोपं कुठे लावली, जिओ-टॅगचे आकडे द्या. चिंचेच्या बदल्यातली रोपं आम्ही अशीच शोधून काढली, पार दुसऱ्या टोकाला एका ओपन स्पेसमध्ये. त्यातली किती जगली ते बघायला मी आणि जोशीकाकू दर जूनमध्ये स्कूटरवर जातो, मोजून वहीत लिहितो आणि कमी भरली की परत अर्ज, परत दोन प्रती, परत शिक्का.